प्रकरण चौदावे : सात नंबरचा खालचा ओंडका

शनिवारी सकाळी सात वाजता रंगाचं पिंप जाळावर चढलं, तेव्हा राइली नुर्मेलाला एकाच गोष्टीची काळजी होती. वाटाण्याचं सूप चाळीस माणसांना पुरेल का? खरी काळजी यायला अजून दोन तास अवकाश होता.

साहामाकीच्या टेकडीवर रंग विकत आणत नाहीत, शिजवतात. पिंपात पाणी उकळायचं, त्यात हिराकस विरघळवायचं, राय धान्याचं पीठ गुठळ्या होऊ न देता वैरायचं आणि खळ जमून आली की शेवटी गेरू. गेली नऊ वर्षं प्रत्येक ताल्कोतला पिंपाशेजारी खुर्ची टाकून राइलीची आई सेल्मा बसायची आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना कामाला लावायची. वय एक्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत.

“पीठ वैरतोयस की कोंबड्यांना दाणे टाकतोयस?” ती ताइस्तोला म्हणाली.

ताइस्तो तिचा थोरला. लाकडाच्या मिलमध्ये त्याच्या हाताखाली बारा माणसं होती, आणि मिलला उन्हाळ्याची सुट्टी लागली की तो टेकडीवरच्या सगळ्या सुतारकामाचा मुकादम असायचा. आईपुढे मात्र छपन्नाव्या वर्षीही तो पीठ वैरायला शिकत होता.

ताल्कोत म्हणजे इर्जिक. ज्याचं घर त्याने जेवू घालायचं, बाकीच्यांनी राबायचं आणि मजुरीचं नाव काढायचं नाही. शहराच्या आराखड्यात साहामाकीवर वीस वर्षांपासून आठमजली इमारती उभ्या होत्या, आराखड्यातच. नऊ वर्षांपूर्वी वळणावरचं चार नंबरचं घर एका सकाळीत जमीनदोस्त झालं, तेव्हा राइलीने आपल्या शाळेतल्या हस्तकलेच्या वर्गात शेजाऱ्यांना बोलावलं आणि मंडळ काढलं. अर्ज, सभा, पुन्हा अर्ज. पण अर्जांनी काही होत नाही हे तिला लवकर कळलं. मग दर उन्हाळ्यात तीन-चार घरं घ्यायची: छप्पर, खिडक्या, रंग. बेचाळीस घरांपैकी तीस आता लाल झाली होती. उरलेली बारा पिवळी होती. त्यांना कारखान्याचा रंग होता, अजून चकचकीत, म्हणून त्यांची फक्त छपरं केली आणि भिंतींना कुणी हात लावला नाही.

हा पिवळा रंग टेकडीवर आणला तो राइलीच्या वडिलांनी. अडुसष्ट साली ओस्कारी नुर्मेलांनी डबे आणले आणि सात नंबर रंगवलं. प्लॅस्टिकचा रंग, धुता येणारा, दहा वर्षांची हमी. रविवारी लोक बघायला यायचे, आणि ओस्कारी बादलीत फडकं बुडवून पाहुण्यांदेखत भिंत पुसून दाखवायचे. दोन वर्षांत अकरा जणांनी त्यांचा कित्ता गिरवला. राइलीला त्याचा अजून अभिमान होता. शहरातून कुणी आलं की ती आधी सात नंबर दाखवायची. “चौदा वर्षं झाली याला,” ती म्हणायची, “आणि कुठे खरचटलंसुद्धा नाही.”

सोमवारी अकरा वाजता बांधकाम समिती येणार होती. इंजिनियर विकस्ट्रम टेकडी बघून अहवाल लिहिणार, आणि त्या अहवालावर ऑगस्टमध्ये मतदान. घरं धड आहेत असं त्याने लिहिलं तर साहामाकीला संरक्षण मिळणार होतं, नाहीतर रस्ता. तो रस्ता कुठून वर चढणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सात नंबर टेकडीच्या अगदी पायथ्याशी होतं. ते गेलं की बाकीच्या एकेचाळीस घरांना बुलडोझर यायची वाट मोकळी होती. म्हणूनच राइलीला वाटलं, टेकडीचं पहिलं घर टेकडीच्याच लाल रंगात दिसावं. गरज काही नव्हती. निव्वळ दिसायला.

*

नऊ वाजता ताइस्तोने अंगातला कोट काढला आणि रस्त्याकडच्या कोपऱ्यावर एका खिळ्याला अडकवला. उन्हाळ्याचा दिवस होता, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. राइलीला वाटलं. कामाच्या ठिकाणी कोट टांगणारा माणूस तिचा भाऊ नव्हता.

ती जवळ गेली तसा तो ओठ न हलवता म्हणाला, “हसत राहा आणि इकडे बघ.”

त्याने कोट बोटभर बाजूला केला. खरवडताना पिवळ्या रंगाची लांब साल निघाली होती, आणि तिच्याबरोबर फळीही आली होती. आत, ज्यावर सगळी भिंत उभी होती तो खालचा ओंडका काळा पडला होता. ताइस्तोने खिशातला टोचा त्यावर टेकवला आणि हलकेच दाबला. टोचा मुठीपर्यंत आत गेला.

“किती लांबवर?” राइलीने विचारलं.

“खिडकीपर्यंत. पुढेही असेल. तो रंग श्वास घेत नाही गं. आत गेलेलं पाणी बाहेर येतच नाही. चौदा वर्षं आतल्या आत उकडलंय.”

अंगणात बेचाळीस घरांतली माणसं बादल्या घेऊन हिंडत होती, कुणीतरी वेलदोड्याच्या पावाचं ताट मांडत होतं, आणि शिडीवरून कुणीतरी ओरडून विचारत होतं की या कोपऱ्यापासून सुरू करायचं का. “तिकडून करा,” राइली हसत म्हणाली. मग तिने भावाला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. काउकोही मागून आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

काउको धाकटा, चव्वेचाळीस वर्षांचा. राजधानीत बांधकाम कंपनीत साइटवर साहेब. वडिलांनंतर हे घर तिघा भावंडांच्या नावावर होतं, आणि नाताळात काउकोने जेवणाच्या टेबलावर, हॅमच्या शेजारी, एका बिल्डरच्या माणसाचं पत्र ठेवलं होतं. विकून टाकू, तो म्हणाला होता, आईला लिफ्टचं घर मिळेल. त्यावर राइली जे बोलली त्यानंतर सहा महिने दोघांत शब्द नव्हता. तो आला होता तो आईने फोन केला म्हणून.

ताइस्तोने दार लावलं. “नव्या फळ्या माझ्याकडे आहेत,” तो म्हणाला. “कोपऱ्यावर ठोकतो, दोन हात लाल मारतो, उद्यापर्यंत सुकेल. समिती आली, बघितलं, गेली. शरदात आपण गुपचूप खालचा ओंडका बदलू. कुणाला काय कळतंय.”

“उघडा,” काउको म्हणाला.

“काय?”

“ती भिंत. सगळी उघडा, आजच. आत किती गेलंय ते बघा.”

“तू बोलूच नकोस,” राइली म्हणाली. “सोमवारी विकस्ट्रमला आमची भिंत उघडी दिसली की तुझं काम झालं. पत्रसुद्धा पुन्हा लिहायला नको.”

“पत्राचं मी लपवलेलं नाही. विकावं असं मला अजूनही वाटतं. आईला बर्फातून लाकडं आणावी लागतात, तुला त्याचं काही नाही, तुला टेकडी पडलीय.” तो खिडकीबाहेर बघत बोलत होता. “पण कुजलेल्यावर फळी ठोकायची म्हणजे... साइटवर कुणी केलं तर मी त्याला दुपारच्या आत घरी पाठवतो. मग घर विकायचं असो नाहीतर ठेवायचं असो.”

“मोठा आला,” ताइस्तो म्हणाला. “बाबांनी रंगवलंय ते. टेकडीवर बाबांचं नाव आहे. उद्या लोक म्हणतील, ओस्कारीने स्वतःचं घर नासवलं आणि आणखी अकरा जणांचीही.”

अकरा. हा आकडा राइलीच्या डोक्यात आत्तापर्यंत आलाच नव्हता. अकरा पिवळी घरं, आणि त्यांच्या भिंतींआड काय असेल ते देव जाणे. विकस्ट्रमला हे कळलं तर मतदान कसलं आणि संरक्षण कसलं. नऊ वर्षं ती सभेत उभी राहून सांगत आली होती की आमची घरं धडधाकट आहेत, या आणि हात लावून बघा. आता हात लावला की आत जात होता. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

“फळी ठोक,” ती ताइस्तोला म्हणाली.

काउकोने वळून तिच्याकडे बघितलं. बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“कोण कुठे फळी ठोकतंय?”

सेल्मा दारात उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्यात पिंपातला लाल डाव, त्यातून जमिनीवर रंग ठिबकत होता. जमिनीवर डाग पडलेला तिला कधी खपत नसे, पण आज तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

“काही नाही आई, कोपऱ्यात जरा...” ताइस्तो म्हणाला.

“कुजलाय. माहितीये मला.” ती आत येऊन बाकावर बसली. “ओस्कारींनाही माहीत होतं.”

बाहेर शिडी सरकवल्याचा आवाज आला.

“गेले त्याच्या आदल्या शरदात,” सेल्मा म्हणाली. “रोज संध्याकाळी बाहेर जायचे आणि भिंतीवर टकटक करत हिंडायचे. मला वाटलं, म्हातारपण. एक दिवस आत आले, इथेच बसले आणि म्हणाले, सेल्मा, भिंतीचा श्वास कोंडलाय. मी म्हटलं, मग खरवडून काढा. तर म्हणाले, अकरा घरं माझं बघून रंगली, त्यांना काय तोंड दाखवू? मी आहे तोवर कुणाला सांगू नकोस.” तिने डाव मांडीवर ठेवला. “ते जाऊन अकरा वर्षं झाली. मग मला कोणी अडवलं होतं? कुणीच नाही. मलाच आवडायचं गं, लोक थांबून घराकडे बघायचे ते.”

“आई, बाबांना बोल लागेल,” ताइस्तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

“लागू दे. हे घर त्यांच्या बापाने बांधलं आणि त्यांनी नासवलं. आणि तरी ते भले गृहस्थ होते, माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. त्यांची चूक तुम्ही दुसऱ्यांदा फळीखाली गाडायची नाही. मी एकदा गाडून बघितली, झोप लागत नाही.” ती काठीवर भार देऊन उठली. “राइली, तू अध्यक्ष ना? मग जा. सूप वाढायच्या आधी सांग, नंतर सांगितलंस तर लोकांना वाटेल आधी खाऊ घातलं.”

*

राइली आजवर महापौरांसमोर बोलली होती, वर्तमानपत्रवाल्यांसमोर बोलली होती. स्वतःच्या अंगणात वाटाण्याच्या सुपाच्या पातेल्याजवळ उभं राहून शेजाऱ्यांना हे सांगणं त्याहून कठीण होतं. तिने ताइस्तोचा कोट खिळ्यावरून काढला आणि तो हातात धरूनच बोलली. काही लपवलं नाही. वडिलांचं सांगितलं. सकाळी आपण स्वतः फळी ठोक म्हणालो तेही सांगितलं, कारण ते गिळून टाकलं असतं तर बाकीचं सांगून उपयोग नव्हता.

लोक एकेक करून पुढे आले, भोकात डोकावले, मागे झाले. मग लेम्पी हार्यू पुढे आली. ती पंधरा नंबरवाली, ओस्कारींचा कित्ता पहिल्यांदा गिरवणारी. मंडळाच्या प्रत्येक सभेत राइलीशी वाद घालायचा हे तिने व्रतासारखं पाळलं होतं. तिने वाकून बघितलं, बोटाने उकरलं, बोट हुंगलं.

“म्हणजे माझंही,” ती म्हणाली.

“बघावं लागेल, लेम्पी.”

“तुझ्या बापाने माझ्या नवऱ्याला दुकानात हाताला धरून नेलं होतं. हाच डबा घे म्हणाले.”

“हो.”

लेम्पीने सुपाची वाटी न उचलता फाटक उघडलं आणि ती चढावर निघून गेली. तिच्यामागून आणखी दोघं गेली, दोन्ही पिवळ्या घरांतली. उरलेले सूप प्यायले, पण गप्पा नव्हत्या. झालं, राइलीला वाटलं, नऊ वर्षांचं मंडळ आज सुपाबरोबर संपलं.

पाऊण तासाने चढावरून खडखडाट ऐकू आला. लेम्पी हार्यू हातगाडी मागून धरून येत होती, आणि पुढून मघाची दोघं गाडीला रेटा देत होती, नाहीतर ती उतारावरून थेट नदीत गेली असती. गाडीवर दोन जुने ओंडके होते, राखाडी, तासलेले, लोखंडासारखे जड.

“चार नंबर पाडलं त्या दिवशी माझ्या नवऱ्याने ओढून आणले,” लेम्पी म्हणाली. “पाडणारे जेवायला बसले होते तेवढ्यात. अस्सल गाभ्याचं पाइन आहे, शंभर वर्षांत किडा लागला नाही. नऊ वर्षं शेडमध्ये अडगळ करून ठेवलेत. घ्या.” मग ती राइलीकडे न बघता म्हणाली, “सूप संपवलं नाहीत ना?”

राइलीने वाटी भरली. घाईत निम्मं सूप ताटलीत सांडलं. लेम्पीने ते पाहिलं आणि त्या एका दिवसापुरतं त्यावर काही बोलायचं टाळलं.

*

खालचा ओंडका बदलायचा म्हणजे घर उचलायचं. जुनी माणसं त्याला घराला जोडे घालणं म्हणायची, घोड्याला नाल ठोकावी तसं. ताइस्तोने हे काम लहानपणी आजोबांच्या हाताखाली पाहिलं होतं. ओंडका कुठे कापायचा, सांधा कसा घ्यायचा, फटी बुजवायला मध्ये शेवाळ किती दाबायचं, ते सगळं त्याच्या हातात होतं. पण घर उचलायला त्यांच्याकडे दोन गाडीचे जॅक आणि भरपूर उत्साह एवढंच होतं.

काउको दुपारी कुणाला न सांगता गाडी घेऊन गेला होता. राइलीला वाटलं, पळाला. संध्याकाळी उजेड लख्ख असताना तो परत आला तेव्हा गाडीचा मागचा भाग जमिनीला टेकला होता. आत चार मोठे जॅक होते, रेल्वेच्या पुलाखाली लावतात तसले.

“कंपनीचे?” राइलीने विचारलं. सहा महिन्यांतला तिचा त्याच्याशी पहिला साधा प्रश्न.

“कंपनीचे.”

“विचारून आणलेस?”

“सोमवारी विचारीन.”

रविवारी दिवसभर दोघे भाऊ घराखाली पालथे पडले होते आणि वरच्यांना फक्त त्यांचं भांडण ऐकू येत होतं. पंधरा वर्षांत त्यांनी एकत्र साधा खिळा ठोकला नव्हता.

“तिथे नको लावूस, तिथे दगड पोकळ आहे.”

“दगड पोकळ नाही, तुझं डोकं पोकळ आहे. भार इथेच येतो.”

“आजोबा तिकडे लावायचे.”

“आजोबांकडे हा जॅक होता का?”

“आजोबांकडे अक्कल होती.”

घर उचलायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना बाहेर काढलं, पण सेल्मा निघेना. मी या घरात सून म्हणून आले ती चालत आले आणि जाईन ती आडवी, मधल्या मध्ये अंगणात उभी राहणार नाही, असं तिने सांगितलं. चिमणीच्या पलीकडच्या खोलीत काउकोने स्वतः दोनदा तपासून तिला बसू दिलं. तिने समोर टेबलावर कपात काठोकाठ कॉफी ओतून घेतली.

“हं, उचला,” ती आतून ओरडली.

काउको खालून जॅक फिरवायला लागला, ताइस्तो दुसऱ्या बाजूला. सतरा माणसं फळकुटं आणि पाचरी घेऊन भोवती उभी होती. घर कुरकुरलं. एक काच तडकली. मग भिंत जमिनीपासून बोटभर सुटली आणि तिच्याखालून पलीकडचं गवत दिसायला लागलं.

“थांबा,” सेल्माचा आवाज आला. “कॉफी रस्त्याकडे चाललीय.”

“ताइस्तो, तुझ्या बाजूचं अर्धा फेरा,” काउको म्हणाला. या वेळी ताइस्तोने वाद घातला नाही.

“आता?”

“आता ठीक. एक थेंब सांडला नाही,” सेल्मा म्हणाली. तिचा स्वर असा होता की घर तिनेच उचललं असावं.

राइली फाटकाशी उभी होती. तिच्या आजोबांनी बांधलेलं घर हवेत होतं आणि त्याखाली तिचे दोन्ही भाऊ होते. तिला रडू आलं, आणि ते अभिमानाचं होतं हे तिला स्वतःला कळायलाही थोडा वेळ लागला.

*

सोमवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना इंजिनियर विकस्ट्रम आला. उंच, करड्या सुटातला माणूस. बरोबर समितीवरच्या एक बाई आणि एक कारकून. नवा ओंडका जागेवर सरकवला होता, सांध्यात शेवाळ दाबणं चालू होतं, आणि घराचा कोपरा अजून जॅकवर होता. अंगणभर पिवळ्या रंगाच्या सालींचा खच पडला होता.

“मला सांगितलं होतं,” विकस्ट्रम म्हणाला, “की सात नंबर इथलं सगळ्यात चांगलं घर आहे.”

“मीच सांगितलं होतं,” राइली म्हणाली. “माझी चूक झाली.”

तिने त्याला काढून टाकलेला ओंडका दाखवला. त्याने कोटाच्या खिशातून टोचा काढला, खुपसला, बाहेर काढला आणि रुमालाने पुसला. मग नव्या ओंडक्यावर तोच टोचा मारला. तो वाजला आणि उसळला. विकस्ट्रमने सांध्यावरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

“हा सांधा कुणी घेतला?”

“मी,” ताइस्तो म्हणाला.

“कुठे शिकलात?”

“इथेच. याच कोपऱ्यावर.”

विकस्ट्रमने वहीत काहीतरी लिहिलं. राइलीला ते वाचता आलं नाही. “प्लॅस्टिकचा रंग,” तो म्हणाला. “असा टेकडीवर आणखी किती घरांना आहे?”

हाच तो प्रश्न. शनिवारपासून राइलीने त्याची उत्तरं जुळवली होती, बदलली होती, पुन्हा जुळवली होती. तिला अकरा हा आकडा पाठ होता. पण ती घरं तिची नव्हती, आणि त्यांच्या वतीने बोलायचा हक्क तिला आहे की नाही हे तिला त्या घटकेला कळेना.

“एक पंधरा नंबर,” मागून लेम्पी हार्यू म्हणाली. “माझं. काल संध्याकाळी मी स्वतः खरवडलंय. एक मीटर भुसा झालाय, बाकी धड आहे. नऊ वर्षं या बाईशी मी भांडतेय, पण तिने ही भिंत उघडली नसती तर माझं घर माझ्या डोक्यावर आलं असतं. लिहा.”

“एकोणीस,” कुणीतरी म्हणालं. “कोपरा गेलाय.”

“तेवीस. आमचं ठणठणीत आहे, पण रंग काढतोय.”

“चोवीस.”

फाटकापासून चढावर उभी असलेली माणसं एकेक करून आपला नंबर सांगत होती, शाळेत हजेरी द्यावी तसा. कारकून घाईघाईने लिहीत होता. कुणाच्याही आवाजात ओशाळलेपण नव्हतं, आणि राइलीची मान नंबरागणिक ताठ होत गेली. अकरा झाले तेव्हा कारकुनाने पेन्सिल थांबवली.

“अकरा,” विकस्ट्रम म्हणाला. “आणि हे सगळं दुरुस्त कोण करणार?”

“तुम्ही बघताय तेच,” राइली म्हणाली. “एका घराला तीन दिवस लागले. या उन्हाळ्यात चार होतील, उरलेली पुढच्या दोन उन्हाळ्यांत. शहराकडे आम्ही एक पाचरसुद्धा मागितलेली नाही. अकरा घरं आजारी आहेत असं लिहा, खरं आहे ते. पण त्याच्या खाली हेही लिहा.”

समितीवरच्या बाई वाकून घराखाली बघत होत्या. तिथून दोन बूट बाहेर आले होते.

विकस्ट्रमने वहीचं पान उलटलं. “एक अडचण आहे. एका बिल्डरच्या प्रतिनिधीने आम्हाला लेखी कळवलंय की या घराच्या तीन मालकांपैकी एकाला ते विकायचं आहे. मालकच विकायला तयार असतील तर संरक्षणाला फारसा अर्थ राहत नाही. तो मालक कोण?”

ताइस्तो जमिनीकडे बघायला लागला. सेल्मा खिडकीत होती. राइलीला उत्तर माहीत होतं आणि ते देणं तिच्याच्याने होईना. नाताळातली प्रत्येक गोष्ट तिला आठवली, तो काय म्हणाला ते, ती काय म्हणाली ते. ती अंगणातल्या चाळीस माणसांकडे बघू शकली नाही.

“तो इथे खाली आहे,” घराखालून आवाज आला. “आणि त्याला आत्ता वेळ नाही.”

विकस्ट्रम खाली वाकला. सुटाचे गुडघे गेरूच्या डबक्यात टेकलेले त्याला कळले नाहीत. त्याने आत बराच वेळ बघितलं.

“घर विकायचं आहे का तुम्हाला?” त्याने विचारलं.

“होतं,” काउको म्हणाला. “आता हात बाजूला घ्या, नाहीतर सापडतील. राइली, खाली घेऊ का?”

राइलीने वाकून कोपऱ्याखालचा नवा ओंडका पाहिला.

“घे,” ती म्हणाली. “हळूहळू घे.”

काउकोने जॅक फिरवला. घर आपल्या नव्या ओंडक्यावर टेकलं, एकदा कुरकुरलं आणि स्थिर झालं.